शके ५५६ : पश्चिम समुद्रावरचें एक वर्ष

आज मी आपणांपुढें एकाच वर्षाची हकीकत मांडणार आहें. तें वर्ष म्हणजे शालिवाहन शके ५५६. इसवी सनाच्या गणनेनें ६३४-३५. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली त्यापूर्वीं सुमारें साडेसहाशें वर्षें, आणि रायगडावर राज्याभिषेक झाला त्यापूर्वीं एक हजार चाळीस वर्षें. मुंबई शहर तेव्हां अस्तित्वांत नव्हतें. दलदलीनें आणि भरतीच्या पाण्यानें एकमेकांपासून तुटलेलीं कांहीं बेटें, त्यांच्या उत्तरेस साष्टी, पूर्वेस खाडी आणि त्या खाडींत घारापुरीचा जोडडोंगर, एवढाच देखावा त्या काळच्या नावाड्याच्या दृष्टीस पडत असेल.

इतक्या जुन्या काळांतलें एकच वर्ष वेगळें काढून त्याविषयीं बोलतां येईल काय, अशी शंका श्रोत्यांस येणें स्वाभाविक आहे. आपल्या प्राचीन इतिहासांत 'सुमारास' या शब्दावांचून पाऊल पुढें पडत नाहीं. अमुक राजा अमक्या शतकाच्या सुमारास झाला, अमुक लेणें त्या राजाच्या सुमारास खोदलें गेलें, आणि त्या लेण्यावरून पुन्हां राजाचा काळ ठरवावयाचा, अशा फेऱ्यांत अभ्यासक पुष्कळदां सांपडतो. शके ५५६ ची गोष्ट मात्र निराळी आहे. त्या वर्षीं एका कवीनें दगडावर वर्षाचा आंकडा घातला, आणि तो घालतांना चूक होऊं नये अशी व्यवस्थाही करून ठेवली.

ही जागा म्हणजे ऐहोळे. आज हें गांव कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत, मलप्रभा नदीच्या खोऱ्यांत आहे. जुन्या मुंबई इलाख्यांत तो सारा मुलूख मोडत असे. त्यामुळें ऐहोळ्याचा कांहीं भाग, अगदीं अक्षरशः, मुंबईंत येऊन राहिला आहे. काळ्या घोड्याजवळच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत ब्रह्मा, विष्णु आणि शिव यांचे छताचे जे मोठे शिल्पपट आहेत, ते ऐहोळ्याच्या हुच्चप्पय्या गुडी नांवाच्या देवळांतले. त्या गांवालगतच्या टेकडीवर मेगुती नांवाचें जैन मंदिर आहे. त्याच्या पूर्वेकडील बाह्य भिंतीवर १९ ओळींत ३७ संस्कृत श्लोक कोरलेले आहेत. कवीचें नांव रविकीर्ति. मंदिर त्यानेंच बांधविलें, आणि प्रशस्तीही त्यानेंच रचिली.

रविकीर्तीनें काळ दोन रीतींनीं सांगितला आहे. भारती युद्धापासून ३७३५ वर्षें लोटलीं, आणि शक राजांच्या गणनेचीं ५५६ वर्षें लोटलीं, असें तो म्हणतो. आपण वजाबाकी करून पाहावी. ३७३५ मधून ५५६ गेले म्हणजे ३१७९ उरतात. आतां घरांतलें पंचांग काढून पहिलें पान उघडावें. गतकलि आणि शालिवाहन शक यांच्यांत आजही हेंच ३१७९ वर्षांचें अंतर दिलेलें आढळेल. एखादा आंकडा कोरक्याच्या हातून बिघडता, तर दुसऱ्यानें तो लागलीच उघडा पाडला असता. यावरून भारती युद्ध खरोखर त्याच वर्षीं झालें असें मात्र कोणीं समजूं नये. कलियुगारंभाचा हा हिशेब ज्योतिष्यांचा आहे, आणि सातव्या शतकांत तो दक्षिणेंतल्या एका कवीच्या अंगवळणीं पडलेला होता, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. माझ्या मतें तेंही थोडें नाहीं.

या लेखाचें महत्त्व प्रथम फ्लीट साहेबांनीं ओळखलें. ते मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरींत होते, आणि सरकारी काम सांभाळून जुने लेख वाचण्याचा त्यांस छंद होता. पुढें कीलहॉर्न यांनीं त्याची अधिक शुद्ध प्रत सिद्ध करून 'एपिग्राफिया इंडिका'च्या सहाव्या खंडांत छापली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८८४ मध्यें दक्षिणेचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध केला, त्यांतील चालुक्यांच्या प्रकरणाला मोठा आधार याच भिंतीचा. साहित्याच्या इतिहासकारांनींही हा लेख हातीं धरला आहे. कारण रविकीर्ति शेवटीं स्वतःची कीर्ति कालिदास आणि भारवि यांच्या बरोबरीची असल्याचें सांगून मोकळा होतो. ही प्रौढी त्याला शोभते कीं नाहीं हें रसिकांनीं ठरवावें. पण तिच्यामुळें कालिदास शके ५५६ च्या अलीकडचा असूं शकत नाहीं, हा निकाल कायमचा लागला. आत्मस्तुतीचा इतका उपयोग क्वचित्च झाला असेल.

प्रशस्ति आहे ती दुसऱ्या पुलकेशीची. हा बदामीच्या चालुक्य घराण्याचा राजा. बाप कीर्तिवर्मा वारला तेव्हां हा लहान होता, म्हणून चुलता मंगलेश गादीवर बसला. पुढें मंगलेशानें राज्य स्वतःच्या मुलाकडे न्यावयाचा घाट घातला. तेव्हां पुतण्यानें बंड केलें, आणि त्या भाऊबंदकींत मंगलेशाचा प्राण गेला. कवि हा प्रसंग फार जपून सांगतो. चुलत्यानें राज्य, मुलगा आणि जीव तिन्ही गमावलीं, एवढें म्हणून तो पुढें सरकतो. चुलत्याचें रक्त कोणाच्या हाताला लागलें हें ज्याचें त्यानें समजावयाचें. इसवी ६१० च्या सुमारास पुलकेशी राजा झाला, तेव्हां सगळीकडे अंधार पसरला होता असें कवि म्हणतो. आप्पायिक आणि गोविंद असे दोघे भीमेच्या उत्तरेकडून चालून आले. एकाची भीतीनें पळापळ झाली, दुसऱ्यानें पक्ष बदलून बक्षीस मिळविलें. हें भीमेचें नांव मराठी माणसाला ओळखीचें वाटावें. राजधानी कर्नाटकांत असली तरी या राज्याच्या जन्माची पहिली लढाई आपल्या नदीच्या काठीं झाली.

नंतर विजयांची जी यादी येते ती सगळी वाचण्यांत आपला वेळ दवडीत नाहीं. बनवासी, गंग, आळुप, लाट, माळवा, गुर्जर, पूर्वेकडे कोसल आणि कलिंग, दक्षिणेंत पल्लव. उत्तरेचा सम्राट् हर्ष याचा पराभव सांगतांना कवि त्याच्या नांवावरच श्लेष करितो, आणि भीतीनें हर्षाचा हर्षच गळाला असें म्हणतो. हें युद्ध केव्हां झालें याविषयीं पंडितांत फार दिवस वाद होता. अलीकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील अभ्यासकांनीं पुलकेशीचा इसवी ६१९ मधला एक ताम्रपट प्रसिद्ध केला, आणि त्यावरून तें युद्ध त्याच्या थोडें आधींचें असें दिसूं लागलें. मग कवि म्हणतो कीं, ९९ हजार गांवें असलेल्या तीन महाराष्ट्रकांचें अधिपत्य पुलकेशीस मिळालें. तीन म्हणजे कोणते, यावर मतभेद आहेत. गांवांचा आंकडाही खानेसुमारीचा नसून परंपरेचा आहे. परंतु आपल्या देशाचें नांव वर्ष घातलेल्या शिलालेखांत, आणि तेंही राज्याचा मोठा भाग म्हणून, येथें स्पष्ट भेटतें.

मुंबईकर श्रोत्यांनीं जेथें थबकावें असा श्लोक कोंकणाविषयींचा आहे. कोंकणांत तेव्हां मौर्य राज्य करीत होते. हे पाटलिपुत्राचे सम्राट् नव्हेत, तर त्यांचें कुलनाम मिरविणारें, किनाऱ्यावरचें एक घराणें. त्यांपैकीं सुकेतुवर्मा नांवाच्या राजाचा लेख ठाण्याच्या उत्तरेकडे वाडा येथें सांपडला आहे. आपल्याकडचें मोरे हें आडनांव याच शब्दावरून आलें अशी एक समजूत आहे. मला ती मोहक वाटते, पण नावांच्या सारखेपणावर इतिहास उभारूं नये. या मौर्यांवर पुलकेशीच्या बापानेंही स्वारी केली होती. पुलकेशीच्या सैन्यानें तर, कवीच्या भाषेंत, लहान डबक्यांतल्या पाण्यासारखे ते पार धुऊन काढले. आणि मग पुरी नांवाच्या नगरीचें वर्णन येतें. ती पश्चिम समुद्राची लक्ष्मी होती. पुलकेशीनें मदोन्मत्त हत्तींसारख्या दिसणाऱ्या शेंकडों नौकांनीं तिला वेढा घातला. तेव्हां ढगांनीं भरलेलें आकाश समुद्रासारखें आणि नौकांनीं भरलेला समुद्र आकाशासारखा दिसूं लागला, असें तें चित्र आहे.

हें आरमारी युद्ध शके ५५६ मध्येंच झालें असा याचा अर्थ नव्हे. तें पुलकेशीच्या राज्यारोहणानंतर आणि या लेखापूर्वीं केव्हां तरी झालें. शके ५५६ ही त्याची अलीकडची मर्यादा. परंतु आपल्या किनाऱ्यावर शेंकडों जहाजांनीं एका नगराला घेरल्याचें इतकें जुनें आणि इतकें नेमकें वर्णन दुसरें मला ठाऊक नाहीं. चालुक्यांना समुद्र नवा नव्हता. ज्या मंगलेशाचा पुतण्यानें अंत केला, त्यानेंही रेवतीद्वीप, म्हणजे वेंगुर्ल्याजवळचें रेडी, आरमारानेंच घेतलें होतें. डोंगरांत राजधानी असलेल्या घराण्याला बंदरांची एवढी ओढ कां? उत्तर साधें आहे. पश्चिम किनाऱ्यावर इराण आणि अरबस्तान यांच्याकडून येणारा माल उतरे, घोडे उतरत, आणि जकात बंदराच्या धन्याला मिळे. घाटमाथ्यावरच्या राजानें किनारा जिंकणें म्हणजे पेटीची किल्ली हातीं घेणें.

आतां पुरी कोणती? विद्वानांनीं दोन-तीन स्थळें सुचविलीं आहेत. कोणी जंजिऱ्याजवळची राजपुरी म्हणतात. परंतु पुष्कळांचा ओढा घारापुरीकडे आहे, आणि माझाही तिकडेच आहे. अपोलो बंदरावरून लांचीनें तासाभरांत आपण ज्या बेटावर जातों, तेंच हें. नांवांत पुरी आहे, बेटावर मोरा नांवाचें बंदर आहे, प्राचीन वस्तीचे अवशेष आहेत, आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणजे तीं लेणीं. ओसाड बेटावर असें काम कोणी काढीत नाहीं. राजपुरीचा पक्ष घेणारे म्हणतात कीं, घारापुरी राजधानीला फार लहान. हा आक्षेप वजनदार आहे. पण कवीनें पुरीला लक्ष्मी म्हटलें आहे, सिंहासन म्हटलेलें नाहीं. जकात घेणाऱ्या बेटाला फार विस्तार लागत नाहीं.

घारापुरीचें महालेणें शके ५५६ मध्यें नवीनच म्हणावें असें होतें. तें सहाव्या शतकाच्या मध्याचें मानतात, म्हणजे तेव्हां त्याला फार तर ऐंशीएक वर्षें झालीं असतील. तें कोणीं खोदविलें याबद्दल पूर्वीं पुष्कळ तर्क झाले. आज बहुतेक अभ्यासक कलचुरी राजा कृष्णराज याच्याकडे बोट दाखवितात. हा राजा स्वतःला माहेश्वर म्हणवी. त्याचीं लहान नाणीं मुंबई-साष्टींत आणि खुद्द घारापुरीवर सांपडलीं आहेत. याच परंपरेंतली दुसरी मूर्ति आपल्या शहराच्या पोटांतच आहे. १९३१ सालीं परळ येथें रस्त्याचें काम चालू असतां एक प्रचंड शिळा निघाली. तींत मधोमध एकावर एक तीन आणि बाजूंस चार असे सात शिव एकमेकांतून उगवल्यासारखे कोरलेले आहेत. ती आज बारादेवीच्या देवळांत आहे, आणि पांचव्या-सहाव्या शतकांतली समजली जाते. लालबाग-परळच्या गिरण्यांचीं धुराडीं ज्या जमिनीवर पुढें उभीं राहिलीं, तेथें त्या काळीं अशी मूर्ति घडविणारे शिल्पी आणि तिला पैसा पुरविणारे भक्त वावरत होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे 'ओसाड सात बेटें' हें आपल्या मनांतलें चित्र जरा पुसावें लागतें.

शैव एकटेच होते असें नाहीं. साष्टीच्या पोटांत कान्हेरीचा बौद्ध संघ नांदत होता. तेथील लेख नवव्या शतकापर्यंत येतात, तेव्हां शके ५५६ मध्यें तो भरभराटींत असण्यास कांहीं अडचण नाहीं. कल्याणच्या बाजूस ख्रिस्ती वस्तीही होती. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या ग्रीक व्यापाऱ्यानें लिहून ठेविलें आहे कीं, कल्लियाना येथें इराणांतून नेमलेला बिशप असतो. कल्लियाना म्हणजे आपलें कल्याण असेंच बहुतेक धरतात. आणि घाटमाथ्यावरचें चित्र? ह्यूएनत्संग हा चिनी भिक्षु शके ५५६ मध्यें उत्तर हिंदुस्थानांत विहारांतून अभ्यास करीत फिरत होता. सुमारें सात वर्षांनीं तो महाराष्ट्रांत आला. येथें शंभरावर संघाराम आणि पांच हजारांच्या आसपास भिक्षु असल्याचें, तसेंच देवांचीं देवळेंही सुमारें शंभर असल्याचें तो सांगतो. येथील लोक अभिमानी, उपकाराला जागणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत, असा शेराही त्यानें मारला आहे. तो आपल्यांस आवडतो, म्हणून शाळेच्या पुस्तकांतून वारंवार दिला जातो. लढाईपूर्वीं हत्तींना दारू पाजण्याचें त्यानें केलेलें वर्णन मात्र तितकें दिलें जात नाहीं.

या पार्श्वभूमीवर रविकीर्तीकडे पुन्हां पाहूं. चालुक्यांचें राजचिन्ह वराह. घराणें विष्णूला मानणारें. बदामीचें वैष्णव लेणें शके ५०० मधलें. कवि जैन. तो प्रशस्तीचा आरंभ जिनेंद्राच्या स्तुतीनें करितो, आणि जिनेंद्राचें दगडी घर राजाच्या प्रसादानें बांधूं शकलों असें कृतज्ञतेनें सांगतो. या वैष्णव राजाला, पुरीच्या वेढ्याच्या वेळीं, हा जैन कवि पुरें फोडणाऱ्या देवाची उपमा देतो. पुराणांत तें विशेषण इंद्राला लागतें आणि त्रिपुरांतक शिवालाही लागतें. घारापुरीच्या महालेण्यांत शिवाच्या संहारक रूपाचें जें भव्य शिल्प आहे, तें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना या उपमेंतलें कडू हंसू जाणवेल. शिवाच्या बेटावर शिवासारखा राजा चालून गेला, आणि तें ज्यानें गाइलें तो शिवाचा भक्तही नव्हता.

याला कोणी सर्वधर्मसमभाव म्हणतात. मला तो शब्द येथें घालणें योग्य वाटत नाहीं. तो आपल्या काळाचा आहे, आणि त्यामागची तळमळही आपली आहे. सातव्या शतकांतला राजा सर्व पंथांना दान देई, कारण सर्वांचे आशीर्वाद, सर्वांचे पंडित आणि सर्वांचे व्यापारी त्याला हवे असत. लढाई मात्र तो राज्यासाठीं करी, आणि तीत समोरच्याचा देव कोणता हें पाहत नसे. पुरी बुडाली ती शैव होती म्हणून नव्हे, श्रीमंत होती म्हणून. अहिंसेचें व्रत सांगणाऱ्या पंथाच्या मंदिरावर रक्ताच्या आणि हत्तींच्या या वर्णनांचा पाट वाहतो, याचेंही रविकीर्तीला कांहीं वाटलेलें दिसत नाहीं. तो काळ त्या दोहोंत विरोध मानीत नव्हता.

आतां समुद्राच्या पलीकडच्या कांठीं जाऊं. कारण ऐहोळ्याच्या टेकडीवर लेख कोरला जाण्याच्या त्याच वर्षीं तेथें ज्या घटना घडल्या, त्यांची लाट आपल्या किनाऱ्याला लागावयास फार वेळ लागला नाहीं. मदीनेंत पैगंबर महंमद ६३२ मध्यें निवर्तले होते, आणि अबू बक्र हे पहिले खलीफा झाले होते. ६३४ च्या जुलैंत पॅलेस्टाइनमध्यें अजनादैन येथें अरबांनीं रोमी बादशहाच्या फौजेचा पराभव केला. पुढच्याच महिन्यांत, आपल्याकडे पावसाळा चालू असतां, अबू बक्र वारले आणि उमर हे दुसरे खलीफा झाले. रोमी बादशहा हेराक्लियस यानें चारच वर्षांपूर्वीं इराण्यांकडून परत मिळालेला पवित्र क्रूस मोठ्या समारंभानें जेरुसलेमला नेऊन बसविला होता. आतां त्याला सीरिया हातचा जातांना पाहावा लागत होता. इराणांत यज्दगर्द हा अल्पवयी राजा गादीवर होता आणि दरबारांत दुफळी माजली होती. उमर यांच्या दहा वर्षांच्या कारकीर्दींत सीरिया, मिसर आणि इराणचा मोठा भाग अरबांच्या हातीं गेला.

पुलकेशीच्या दरबाराला इराण परका नव्हता. खुस्रू परवेज याच्या कारकीर्दींत एका हिंदी राजाकडून पत्र आणि नजराणे आल्याची नोंद तबरी या अरबी इतिहासकारानें केली आहे, आणि तो राजा पुलकेशीच असें पुष्कळ विद्वान् समजतात. याच आधारावर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतलें एक चित्र इराणी वकिलांच्या स्वागताचें असल्याचें पूर्वीं सांगत. आज तें कोणी फारसें मानीत नाहीं. तीं चित्रें वाकाटकांच्या काळचीं, म्हणजे दीडएकशें वर्षें आधींचीं ठरलीं आहेत. चित्र गेलें, तरी व्यापार राहतोच. इराणी आखाताच्या तोंडापासून ठाण्याच्या खाडीपर्यंत जहाजें मोसमी वाऱ्यावर ये-जा करीत होतीं. म्हणून मदीनेंत माणूस बदलला कीं त्याचा धक्का आखातांतल्या बंदरांना आणि तेथून आपल्या बंदरांना लागणें क्रमप्राप्त होतें.

तो धक्का लवकरच लागला. बलाधुरी हा नवव्या शतकांतला अरबी इतिहासकार लिहितो कीं, हिजरी १५ मध्यें, म्हणजे इसवी ६३६ मध्यें, उमर यांनीं उस्मान बिन अबी अल्-आस या सरदाराला बहरैन आणि उमान यांवर नेमलें. त्यानें भावाला बहरैनकडे धाडलें, स्वतः उमानला गेला, आणि तेथून 'ताना' या बंदरावर फौज पाठविली. ताना म्हणजे आपलें ठाणें. फौज परत आल्यावर त्यानें खलीफांना कळविलें, तेव्हां शाबासकीऐवजीं सणसणीत कानउघाडणी आली. किडे लाकडाच्या तुकड्यावर बसवून समुद्रांत सोडावे तशीं तूं माणसें सोडलींस, त्यांना कांहीं झालें असतें तर तितकींच माणसें मी तुझ्या टोळीकडून भरून घेतलीं असतीं, असा त्या उत्तराचा आशय होता. उमर यांना समुद्राचा भरंवसा नव्हता. ज्या किनाऱ्याच्या लक्ष्मीवर शेंकडों नौका घालण्याची फुशारकी रविकीर्तीनें दगडावर कोरली, त्याच किनाऱ्याच्या ठाण्यावर दोन-तीन वर्षांच्या आंत दुसऱ्याच कोणाच्या नौका आल्या. पण त्याबद्दल चालुक्यांच्या कोणत्याही लेखांत एक अक्षर नाहीं. प्रशस्तिकारांना गौरवाच्या लढायाच दिसतात, असें म्हणावें लागतें.

पुढचें थोडक्यांत सांगतों. रविकीर्तीच्या लेखांत पल्लव राजा कांचीच्या तटाआड दडून बसलेला दाखविला आहे. शके ५५६ मध्यें तें खरें असेल. आठ वर्षांनीं, इसवी ६४२ मध्यें, पल्लव नरसिंहवर्म्यानें बदामीवर चाल केली, राजधानी घेतली, आणि तेथील कातळावर स्वतःचा लेख कोरविला. वातापी जिंकणारा ही पदवी त्यानें मोठ्या दिमाखानें घेतली. पुलकेशी त्या युद्धांत पडला असें दिसतें. त्यानंतर जवळजवळ बारा-तेरा वर्षें चालुक्यांचें राज्य विस्कळित राहिलें, आणि मग त्याचा मुलगा विक्रमादित्य यानें तें परत उभें केलें. ऐहोळ्याची भिंत मात्र हललीही नाहीं. तेथें पुलकेशी अजून अजिंक्य आहे, आणि पल्लव अजून तटाआड आहे.

आणि पुरीचें काय झालें? कवीवर विश्वास ठेवला तर ती संपावयास हवी होती. ती संपली नाहीं. नाशिकजवळच्या अंजनेरी येथें मिळालेल्या इसवी ७१० च्या ताम्रपटांत 'पुरीकोंकण' नांवाचा चौदा हजार गांवांचा प्रदेश आहे, आणि त्यावर चालुक्यांचें मांडलिक घराणें राज्य करितांना दिसतें. पुढें ठाण्याच्या शिलाहारांच्या लेखांतही पुरी ज्यांत प्रमुख आहे अशा चौदाशें गांवांच्या कोंकणाचा उल्लेख शतकानुशतकें येत राहतो. मौर्य गेले, चालुक्य गेले, तरी जकातीचें खातें पुरीच्याच नांवानें चालू होतें.

पुरीच्या बाजूनें बोलणारा एखादा लेख हातीं असता, तर शके ५५६ चें हें चित्र दुसऱ्या अंगानेंही पाहतां आलें असतें. तसा एक लेख घारापुरीवर होता. लेण्याच्या प्रवेशाशीं एक कोरलेला दगड होता; पोर्तुगीजांनीं बेट घेतल्यावर तो काढून त्यांचा राजा तिसरा जुआंव याच्याकडे पोर्तुगालला वाचून घेण्यासाठीं पाठविला. दियोगु दु कोउतु या त्यांच्याच इतिहासकारानें ही हकीकत नमूद करून ठेविली आहे. तिकडे तो कोणालाही वाचतां आला नाहीं, आणि नंतर तो दगड कोठें गेला याचा पत्ता लागला नाहीं. पोर्तुगीजांनीं ज्याच्यावरून बेटाला एलेफंटा हें नांव दिलें तो दगडी हत्ती मात्र सुखरूप आहे. १८१४ मध्यें तो बेटावर कोसळला, पुढें त्याचे तुकडे मुंबईंत आणले गेले, आणि आज भायखळ्यास जिजामाता उद्यानाशेजारीं, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणांत तो पुन्हां सांधून उभा केलेला आहे.